केशरी चेंडूचा सूड

"कोच, तुमची ती पेनल्टी खरंच चेंडूमुळे हुकली का?"

अफशीनने असं विचारलं आणि मस्कतमधल्या बौशरच्या मैदानावरचा सराव एकदम थांबला. विचारून दाखव, करक चहा माझ्याकडून, अशी पैज तिच्याच संघातल्या उत्तरा नावाच्या मुलीने लावली होती. सगळ्या मुली कान टवकारून उभ्या होत्या. पण माझ्याइतकं जिवाचा कान करून कुणीच ऐकत नसेल. कारण मित्रांनो, तो चेंडू मीच.

मी एक जुना केशरी फुटबॉल आहे. जन्मलो कारखान्यात, पण डोळे उघडले ते नॉर्वेमधल्या खाडीकाठच्या एका गावात. तिथला पुरुषांचा संघ लीगच्या चौथ्या पायरीवर खेळायचा. खेळाडू म्हणजे कोण, तर सुतार, मासेवाले, शाळामास्तर. सामन्याआधी तेच फावड्याने बर्फ ओढायचे आणि त्यांच्या आया गरम वॉफल विकायच्या. हंगाम सुरू होतो एप्रिलमध्ये. तेव्हा बर्फात पांढरा चेंडू दिसतच नाही, म्हणून मला बाहेर काढायचे.

पहिला सामना ते जिंकले. कप्तान सिगुर्डने माझा मुका घेतला, खोटं नाही सांगत. मला वाटलं, नशीब उघडलं. कसलं काय! बर्फ वितळला आणि माझी रवानगी कपाटात. उन्हाळाभर पांढरा चेंडू मिरवत होता आणि संघ हरत होता. त्याला कुणी एक शब्द तरी बोललं? छे.

ऑक्टोबरमध्ये शेवटच्या सामन्याला पुन्हा बर्फ पडला. नुसती बरोबरी झाली तरी संघ टिकणार होता, हरला तर एक पायरी खाली. एक गोल मागे असताना अगदी शेवटी पेनल्टी मिळाली. बाकी सगळे जाड खुंट्यांचे बूट घालून आले होते. सिगुर्ड मात्र फोटोत छान दिसावं म्हणून नवेकोरे, सपाट तळाचे. त्याचा टेकूचा पाय सटकला आणि मी गोलावरून थेट पार्किंगमध्ये. उठल्याउठल्या त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणे, चेंडू गोठून दगड झालाय. सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्याच दिवशी मी ठरवलं, याचा सूड घ्यायचा.

सिगुर्डला मस्कतला नोकरी लागली, तेव्हा निरोपाच्या दिवशी मित्रांनी गंमत म्हणून मलाच त्याच्या हातात दिलं. इथे तो शुक्रवारी सकाळी मुलींना शिकवतो आणि माझी बदनामी चवीने सांगतो. मागच्या शुक्रवारी मुली हरल्या. हा सगळ्यांसमोर म्हणाला, गोलकीपरमुळे हरलो. ती गोलकीपर म्हणजे अफशीन. तिचे अब्बा शरीफ, इथल्याच गाला भागात त्यांचं गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. ते म्हणाले, खलास, बस्स झालं, असं ऐकून घ्यायला जायचं नाही. अम्मी शकीला पण तेच म्हणाल्या. आज तिचा शेवटचा दिवस होता. मग भीती कुणाची?

सिगुर्ड हसला. "अर्थात चेंडूमुळे. हाच तो. मारून दाखवतो, उभी राहा."

वळावं का? फसकन हवा सोडावी का? किती वर्षं मी हेच मनात घोळवत होतो! पण तेवढ्यात मला कळलं, काहीच करायचं नाही. त्याने मारलं तसंच, तिथेच जायचं. मग त्याला कारण कुठून मिळणार?

त्याने जीव खाऊन लाथ मारली. मी नाकासमोर गेलो आणि अफशीनच्या छातीशी घट्ट बसलो. तो मैदानाकडे बघायला लागला, मग सूर्याकडे.

"पुन्हा?" अफशीनने विचारलं.

पुन्हा मारला. पुन्हा मी तिच्याच हातात.

"चेंडू ठीक आहे," तो पुटपुटला.

"तेव्हाही ठीकच होता ना?"

त्याने खाली आपल्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "बूट चुकीचे होते. माझे."

मित्रांनो, वस्तू नीट ठेवा, हवा भरा, पुसा. आणि आपली चूक आमच्यावर ढकलू नका. आम्ही बोलत नाही, पण विसरतही नाही.

शरीफभाई आणि शकीलाबाई गाडी घेऊन आले, तेव्हा अफशीन मला काखेत मारून मागच्या सीटवर बसली.

"अब्बा, अम्मी, मी खेळ सोडत नाहीये. पुढच्या शुक्रवारी गोलमध्ये मीच. आणि आधी कोच सगळ्यांसमोर माझी माफी मागणार आहेत, मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. तुम्ही दोघं अगदी पुढे बसायचं."