अख्तरीचा गंज

कामरगावच्या महिला मंडळाची भांडी लग्नाकार्याला साऱ्या गावात जात. त्यांतलं एकही विकत आणलेलं नव्हतं. मंडळ निघालं तेव्हा प्रत्येक बाईनं घरातलं एकेक मोठं भांडं दिलं होतं आणि बुडावर आपलं नाव घालून घेतलं होतं. चाळीस वर्षं त्यांची वही रुखमाबाईंनी सांभाळली. कुठली परात कोणाची, हे त्या झोपेतून उठवलं तरी सांगत. म्हणून कोणी विचारत नसे.

यंदा वही कॉम्प्युटरात गेली. रुखमाबाईंच्या नातसुनेनं, रेणूनं, दोन तक्ते केले, एक बायांचा आणि एक भांड्यांचा. भांड्यांच्या तक्त्यात 'देणारी' असा रकाना होता, आणि तो बायांच्या तक्त्याला बांधलेला होता. वहीची पानं दिवाळीत चिवड्याच्या पुड्यांना कामी आली.

मग अडलं ते बैठकीत. निम्म्या सभासद हजर असल्याशिवाय ठराव होत नसे, आणि निम्म्याहून जास्त सभासद तर कधीच वारल्या होत्या. त्या बैठकीला येत नाहीत, याचा अध्यक्ष निताबाईंना फार राग. मेलेल्या बाया यादीतून काढून टाक, असा हुकूम त्यांनी रेणूला सोडला.

रुखमाबाई तडक रेणूकडे गेल्या. त्या यादीत अख्तरी होती, गुलाम नबी कल्हईवाल्याची बायको. शंभर पानांची कढी होईल एवढा गंज, म्हणजे खोल पातेलं, तिनं दिला होता. तेव्हा दोन-चार जणींनी नाकं मुरडली. पहिल्या लग्नात कढीला उकळी फुटली आणि नाकं आपोआप सरळ झाली. अख्तरी आजारी पडली तेव्हा म्हणाली होती, गंज वापरत जा, फक्त नाव राहू दे. रुखमाबाईंनी तिला शब्द दिला होता.

हे सारं त्यांनी रेणूला सांगितलं. रेणू म्हणाली, बुडावरचं नाव कोण घासून काढतं, कॉम्प्युटरातलं तेवढं जाईल.

पण कॉम्प्युटर ऐकेना. या बाईच्या नावाला भांडी बांधलेली आहेत, काढता येत नाही, एवढंच सांगत राहिला.

"आयकून घे ना त्याचं," रुखमाबाई म्हणाल्या. "तुह्यापेक्षा शहाणा दिसून राह्यला."

रेणूनं फोनवर कुठंतरी वाचलं आणि त्या बांधणीचा नियमच बदलला. मग कॉम्प्युटरानं मुकाट्यानं एकतीस बाया काढल्या. निताबाईंनी त्याच दिवशी पहिला ठराव केला: जे कॉम्प्युटरात नाही, ते भांडं द्यायचं नाही.

चार दिवसांनी रामराव भांडी न्यायला आला. दुसऱ्या दिवशी त्याच्या पोरीचं लग्न. रेणूनं कॉम्प्युटरात पाहिलं तर शिल्लक दोन पराती आणि एक झारा. नियम असा बदलला होता, की बाई गेली की तिच्यासोबत तिचं भांडंही जावं.

रामरावानं भांड्यांच्या खोलीत डोकावलं. आत आढ्यापर्यंत भांडी रचलेली.

"मंग हे काय हाये?"

"ते नोंदीत नाही," निताबाई म्हणाल्या. ठराव त्यांचाच होता, मोडणार कसा?

रुखमाबाईंनी पदर खोचला, चिंच मागवली आणि जमिनीवर बसकण मारली. एकेक भांडं पालथं घालायचं, बूड घासायचं, नाव वाचायचं. पाच-सहा नावं पार झिजली होती. ती त्यांनी न वाचताच सांगितली. रेणू पुन्हा दोन्ही तक्ते भरत गेली, बांधणी तेवढी मागं ठेवून. घरी सासऱ्याला वाढायला उशीर होत होता, पण पहिल्यांदाच तिनं घड्याळाकडं पाहिलं नाही.

बैठकीचा पेच सोडवायला तिनं बायांच्या तक्त्यात नवा रकाना वाढवला: 'हयात'. गेलेलीचं नाव राहील, पण बैठकीत ती मोजली जाणार नाही. पण तो जोडताना नेमकं भरून ठेवलं 'नाही', आणि तेच वरपासून खालपर्यंत साऱ्या ओळींत उतरलं.

"मले काहून मारलं वं?" स्वतःच्या नावापुढं पाहून निताबाई म्हणाल्या.

रेणू घाईघाईनं एकेकीला जिवंत करू लागली. रुखमाबाईंनी चष्मा लावून वाकून पाहिलं. त्यांचं आणि अख्तरीचं नाव खाली-वर होतं, दोघींपुढं 'नाही'. बरं वाटलं त्यांना.

"आजी, तुमचं करते आता."

"माहं राहू दे, मले घाई नाही. पयले तिचा गंज तिच्या नावाले बांध."

रेणूनं बांधला. तो बांधलेला स्वतः पाहिला, तेव्हाच रुखमाबाईंनी रामरावाच्या माणसांना गंज उचलू दिला.