चौथा चौकोन

मित्रांनो, तात्यापारा नावाच्या मोहल्ल्यातल्या एका घरात जिन्याखाली जुना फळा उभा आहे, तो मी. गोल बाजारातल्या एका सुताराने मला घडवलं आणि मी यामिनीकडे आलो. ती कॉलेजात गणित शिकवते. साथ वस्तीत कशी पसरेल, हे ती माझ्यावर मांडून बघायची. तीन चौकोन काढायची: निरोगी, आजारी, बरे झालेले. माणसं एकातून दुसऱ्यात किती वेगाने जातात, ते मधल्या बाणांवर लिहायची. तिचे अंदाज बरोबर निघायचे. लोक कौतुकाने माझे फोटो काढायचे.

मग बीरगांवजवळच्या एका वस्तीत काविळीची साथ आली. यामिनीचा धाकटा भाऊ लोकेश तिथेच राहत होता. त्याची बायको चेतना गरोदर होती. ती एकदा घरी आली आणि माझ्यासमोर बसली.

"दीदी, मी माहेरी जाऊ का? घरोघरी कावीळ होऊन राहिली."

यामिनीने माझ्यावर काढलेली रुग्णसंख्येची उतरती रेघ दाखवली. "काहून घाबरतं? साथ लवकरच ओसरते. लोक बरे होतात यातून. पाणी उकळून पी."

चेतनाला धीर आला. ती माहेरी गेली नाही.

साथ त्या रेघेसारखीच ओसरली. पण त्याआधी चेतनाला कावीळ झाली. ती दवाखान्यातून परत आली नाही. बाळही गेलं.

तेरवी झाल्यावर लोकेश माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"दीदी, यात चेतना कुठं होती?"

यामिनीने 'आजारी'वर बोट ठेवलं.

"मग ती पुढच्या चौकोनात काहून नाही गेली?"

 ही कावीळ गरोदर बायांच्या जिवावर उठते, हे यामिनीने वाचलेलं होतं. गणित सोपं राहावं म्हणून तिने त्यांना इतरांतच धरलं होतं. लोकेश गेल्यावर तिने खडू उचलला आणि चौथा चौकोन काढला. त्यात तिने लिहिलं: गरोदर.

पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या वस्तीत कावीळ आली. यामिनी आधी गरोदर बायांच्या घरी गेली. त्यांना माहेरी, नातेवाइकांकडे पाठवेपर्यंत ती थांबली नाही. त्या बाया बाळं घेऊन परतल्या. तिने लोकेशला सांगितलं. तो "हव" म्हणाला आणि त्याने मान हलवली.

आता ती संगणकावर काम करते. मला इथे ठेवलं, पण तो चौकोन पुसला नाही. ओल चढून तो आपोआप पुसट होतो आहे. मित्रांनो, तुम्हीही उद्या माणसांची गणितं मांडाल. उत्तर बरोबर आलं, तरी खडू लगेच खाली ठेवू नका. आपण कुणाला वेगळं धरायचं विसरलो, ते आधी बघा.