कळीला पाणी

"आवं, लाइट आलीया. आज पाण्याची पाळी आपली हाय," मुक्तानं बांधावरनं हाळी दिली.

शिवरामनं सायकलवर टांग टाकली होती. "आलोच. त्या अमेरिकेतल्या शाण्याला उत्तर देतो अन् येतो."

"त्येची अक्कल भिजंल, पर आपली वांगी न्हाय भिजायची."

शिवराम ऐकायच्या पल्याड गेला होता. सांगलीकडचा हा गडी रेल्वेच्या नोकरीपायी बनारसला आला, पण माती काय सुटली न्हाय. रामनगरात खंडानं जमिनीचा तुकडा घेऊन त्यानं वांगी लावली. नव्व्याण्णव साल होतं. गंगेवरचा पूल ओलांडला की लंका नावाच्या चौकात इंटरनेटचं दुकान होतं. तिथं बसून त्याला देशोदेशीची मराठी माणसं गावली. एकानं लिहिलेलं सगळ्यांना पोचायचं. त्यातल्या अमेरिकेतल्या ऋतुराज नावाच्या माणसानं, गॅलरीत दोन रोपं वाढवून, लिहिलं होतं की कळी धरताना वांग्याचं पाणी तोडावं. शिवरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या दिवशी कोंबडीनं दाणे टिपावेत तसं एकेक अक्षर टिपत त्यानं लिहिलं, 'कळी धरल्यावर पाणी तोडणं म्हंजी पोटुशीला उपाशी ठेवणं.' वाक्य त्याला एवढं आवडलं की त्यानं ते मोठ्यांदा वाचलं. शेजारच्या माणसानं खुर्ची सरकवून घेतली.

परतला तवर लाइट गेली होती. मुक्तानं एकटीनं पाइप ओढून निम्म्या सऱ्या भिजवल्या होत्या. उरलेल्या निम्म्यांत पानं लोंबली होती अन् कळ्या मातीत गळून पडल्या होत्या. गुडघ्यापातुर चिखलानं माखलेली मुक्ता पाइप गुंडाळत होती. ती भांडली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

तरी पुढच्या पाळीदिवशी सकाळी गडी पुन्हा गेलाच. "नुसतं बघून येतो," म्हणाला.

ऋतुराजचं उत्तर आलं होतं. 'मान्य. शेतकरी तुम्ही. मग यंदा तुमची वांगी कशी आहेत?'

शिवरामनं 'झकास' लिहिलं. अमेरिकेतनं कोण बघायला येणार होतं? मग तो शबूद त्यालाच वाकुल्या दावायला लागला. पोटुशीला उपाशी ठेवणारा दुसरा कोण होता? त्याला हसू आलं. 'झकास' पुसून तो उठला.

"भाईसाहब, अभी तो टाइम बचा है," दुकानवाला म्हणाला.

"बचने दो."

मुक्ता पाइप पसरत होती. "एवढ्यात? काय लिवलं?"

"काय न्हाय."

"त्यो म्हणंल, गडी हरला."

"म्हणू दे. खोटं कुठं हाय?"

लाइट आली. पाइपचं तोंड त्यानं सरीत धरलं. तापलेल्या मातीचा वास उठला. पाणी पुढं सरकत होतं अन् शिवरामचे ओठ हलत होते.

"कुणासंगं बोलताय?"

"त्येच्यासंगंच."

"मग काय म्हणतोय त्यो?"

शिवरामनं खोऱ्यानं मातीचं दारं मोडून पाणी दुसऱ्या सरीत घातलं. "ऐकतोय गप."