मामाची हळवी पद्धत

लिफ्ट तपासायचं सॉफ्टवेअर मामा आणि भाची मिळून बनवत. त्यात वेग काढायची जुनी पद्धत मामाचीच. लिफ्टची उंची सेकंदाला शंभरदा मोजायची, लगतच्या दोन आकड्यांतला फरक घ्यायचा, वेळेने भागायचं. सोपी, पण भलती हळवी. मोजमाप केसभर थरथरलं की आलेखाचा थयथयाट!

"काढून टाक गं," मामा म्हणाला. "नवी पद्धत कशी गुळगुळीत रेघ देते. माझं हे कार्टं चारचौघांत लाज काढतं."

"मामा, आधी दोन्ही चालवून तर बघू."

लॅपटॉप घेऊन दोघं इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरली. सोबतीला लिफ्टची मेकॅनिक. हातातला पाना कधी सुटत नाही म्हणून तिला सगळे पानाबाई म्हणत. लिफ्ट निघाली आणि मामाला शिंक आली. जुन्या पद्धतीने पडद्यावर डोंगर उभा केला. भाची फिस्सकन हसली, दुसरा डोंगर. पानाबाईने पोट धरलं, तिसरा. मग कुणालाच आवरेना.

"बघितलंस? पूस ते!" मामा डोळे पुसत म्हणाला.

"आता तोंडं मिटून एकदा," पानाबाईने दटावलं.

गाल फुगवून, श्वास रोखून तिघं खाली आली. पुन्हा वर. पुन्हा खाली. बारीक थरथर दर फेरीला निराळी. पण तिसऱ्या मजल्याच्या जरा वर एक काटा, दर वेळी तिथेच. नव्या पद्धतीत तिथे सपाट रेघ.

"मामा, ही नुसती थरथर नाही. इथे खरंच काहीतरी आहे."

पानाबाई लिफ्ट थांबवून तिच्या छतावर चढली. ठणठण झालं, मग आरोळी आली, "लिफ्टच्या रुळाच्या सांध्याचा नट ढिला! बोटाने फिरतोय!"

मामाने टुणकन उडी मारली.

"अहो, उड्या काय मारताय? मी वर आहे!"

नट आवळल्यावर काटा गायब. तिथेच, लिफ्टमध्ये फतकल मारून, निर्णय झाला. रोजच्या कामाला नवी पद्धत. जुनी मुद्दाम निवडली तरच चालेल. त्या पर्यायाशेजारी भाचीने ओळ टाकली, 'बारीक दोष शोधण्यासाठी. थरथरही मोठी दिसेल. तीन फेऱ्या जुळवून पाहा.'

मामाने ती चारदा मोठ्याने वाचली. त्या आनंदात उतरायचं राहूनच गेलं आणि लिफ्ट आणखी दोनदा वर-खाली झाली. अखेर दार उघडलं तेव्हा तळमजल्यावर पिशव्या घेतलेली पाच माणसं ताटकळत होती.

"बिघडली होती का हो?" एका आजींनी विचारलं.

"होती ना, आजी!" मामा आनंदाने ओरडला.