खांबाचा नमुना

“अजून आत घ्या,” इंजिनीअरबाई म्हणाल्या. मी पाणी वाढवलं आणि यंत्र पुढे रेटलं. खांबाचा बाहेरचा पोलादी नळा कापून झाला होता, आता आतल्या काँक्रीटची पाळी होती.

माझा धंदाच हा. आगीतून उरलेल्या खांबातून काकडीएवढा तुकडा काढायचा. तो पाहून ठरतं, खांब दुरुस्त करायचा की पाडायचा. लोक मला गिरमिट म्हणतात, ते यंत्रामुळे नाही, तोंडामुळे. त्या दिवशी मात्र तोंडाला कुलूप होतं. या गोदामात माझे दाजी पॅकिंगला होते. आगीनंतर ते याच खांबाशी बसलेले सापडले.

ठेकेदार दुसरा माणूस पाठवणार होता. ताईनंच मला भरीला घातलं.

“डॉक्टर काही धड सांगत नाहीत रे. धुरानं आधीच शुद्ध गेली होती, की... तुमच्या बाईंना खांब बघून सगळं कळतं ना? मग एवढं विचार. डोळे मिटले की मला तेच दिसतं.”

खांबाला काय कळणार, असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

तुकडा बाहेर आला. नळ्याकडची बाजू गुलाबी, आतली राखाडी. बाईंनी तो पुसून उजेडात धरला.

“गुलाबी म्हणजे चांगलंच भाजलंय. पोलाद नंतर बरंचसं सावरतं, काँक्रीट नाही सावरत. पण गाभा शाबूत आहे. बाहेरून नवा जाड पत्रा बसवू, मधे भरणी करू. वाचला हो खांब!”

त्यांना मनापासून आनंद झाला होता. मला त्या खांबाचा असा राग आला की लाथ घालावीशी वाटली. वाचायचं होतं कोणी, आणि वाचलं कोण!

“बाई, एक विचारू?” म्हणत मी सगळं सांगून टाकलं.

त्यांनी तुकडा हळूच खाली ठेवला.

“खोटं नाही सांगणार. खांब किती तापला होता ते यावरून कळतं. माणूस केव्हा गेला, ते नाही कळत.”

ताई फाटकाबाहेर उभी होती. तिच्यापर्यंत पोचेतो मी चार थापा जुळवल्या होत्या. तिचा चेहरा पाहिला आणि एकही मारवेना.

“नाही कळत ताई, त्यांनासुद्धा.”

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

“मला आत नेतोस?”

बाईंनी स्वतःचं हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर ठेवलं. ताई खांबासमोर उभी राहिली. मी पाडलेल्या भोकाकडे तिनं पाहिलंही नाही.

“टेकून बसलेले होते का रे?”

“हो.”

ती खाली बसली. बसलेल्या माणसाची पाठ टेकेल, तिथे तिनं तळहात ठेवला.

“गार आहे रे आता,” ती म्हणाली, आणि हात काही काढेना.