वेलवर्गीय

दुकानामागची पट्टी बावीस फूट लांब आणि सहा फूट रुंद होती. जमीन नगरपालिकेची. नऊ वर्षांपूर्वी ती भाजीपाल्यासाठी कंपाउंडरबाईंना मिळाली आणि मंजुरीच्या कागदावर फक्त त्यांचं नाव होतं. दुकान भावाचं, वरच्या दोन खोल्या भावाच्या, दारावरची पाटीही भावाचीच. बाईंनी दवाखान्यात एकतीस वर्षं लोकांना गोळ्या मोजून दिल्या, निवृत्त झाल्या आणि भावाकडे राहायला आल्या. त्यांच्या एकटीच्या नावाचा एवढाच काय तो कागद.

भाऊ शिंपी. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणत. शर्ट ते चांगला शिवत, हे मान्य करायलाच हवं. पण गुडघेदुखीपासून परराष्ट्र धोरणापर्यंत प्रत्येक विषयावर ते तितक्याच खात्रीने बोलत. आयुष्यात एकच काम नीट येणाऱ्या माणसाचा हा नेहमीचा रोग.

नगरपालिकेचं पत्र आलं. तीन महिन्यांनी पाहणी होईल. अर्ध्याहून जास्त पट्टी भाजीविना आढळली तर ती परत घेतली जाईल. सोबत भरायचा एक तक्ता होता: पालेभाज्या, फळभाज्या, शेंगवर्गीय, कंदवर्गीय, वेलवर्गीय. बाईंनी पहिल्या चार रकान्यांत पालक, वांगी, घेवडा आणि मुळा लिहिलं. पाचव्यात ‘नाही’ लिहिलं. काकडी-दोडक्याला मांडव लागतो आणि सहा फुटांत मांडव घातला तर खालच्या भाज्यांना ऊन मिळत नाही.

मास्तरांनी तक्ता पाहिला.

“एका रकान्यात ‘नाही’?”

“आपल्याकडे वेल नाही, दादा.”

“म्हणजे मार्क गेले.”

“अरे, मार्क नसतात त्याला.”

“मार्क सगळ्यालाच असतात. सांगत नाहीत एवढंच.”

दुसऱ्याच दिवशी त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या कुंपणावरून गारवेलाची फांदी आणली आणि वांगी व घेवड्याच्या मधोमध खोचली. शोभेची वस्तू मध्यभागी असावी, असं त्यांचं मत होतं.

“दादा, हा गारवेल आहे. शोभेचा.”

“वेल आहे की नाही?”

“आहे.”

“मग वेलवर्गीय झाला. शर्ट हाफ असो नाहीतर फुल, शर्टच ना?”

शिलाई मशीनवरून वहिनी म्हणाल्या, “मग आज रात्री तुमच्या ताटात फुलंच वाढते. हाफ वाढू की फुल?”

तेव्हा त्या फांदीला तीन पानं होती. दोन बोटांनी उपटली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण भाऊ थोरला, घर त्याचं, उगाच कशाला वाद, असा विचार करून बाई गप्प बसल्या. त्या भिडेपोटी पुढे जे झालं ते त्यांनाच भोगावं लागलं.

गारवेलाला भीडभाड नसते. आठ आठवड्यांत तो घेवड्याच्या काठ्यांवर चढला, काठ्या संपल्या तेव्हा घेवड्यावरच चढला आणि तिथून वांग्यांवर उतरला. एकेका वांग्याच्या खोडाला दोन-दोन वेढे पडले. खाली ऊन पोचेना. घेवड्याची फुलं गळाली, पानं पिवळी पडली आणि बाई घालत होत्या ते पाणी वेलच पीत राहिला.

“भटाला दिली ओसरी ऐकलं होतं,” वहिनी म्हणाल्या. “इथं तर भटाने ओसरीच गिळली.”

मास्तर मात्र रोज सकाळी बनियनवर, हातात चहाचा कप घेऊन गिऱ्हाइकांना जांभळी फुलं दाखवत. गिऱ्हाइकं वा वा म्हणत. त्यांच्या पँटी मास्तरांच्या ताब्यात होत्या.

याच सुमारास बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. पंधरा दिवस त्या दवाखान्याजवळ मैत्रिणीकडे राहणार होत्या आणि नंतरही बरेच दिवस वाकायला बंदी होती. जाताना त्यांनी भावाला बजावलं, “दादा, तो वेल काढून टाक. मुळासकट. ऐकलंस? मुळासकट.”

मास्तरांनी कात्री घेतली. शिंपी उपटत नाही, कापतो. जमिनीलगत वेल कापला आणि काम झालं असं ठरवलं. समोर हिरवा ढीग पडला होता. उरलेलं कापड फेकायचं नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. त्यांनी ढिगाचे वीतभर लांबीचे तुकडे केले, अगदी सारखे, आणि वाफ्यांवर ओळीने अंथरले. ओलावा टिकतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. वरून पाणी मारलं.

“मुळासकट म्हणाल्या होत्या वन्सं,” वहिनींनी आठवण केली.

“मुळं जमिनीत आहेत. कुणाला दिसणार आहेत?”

गारवेलाचा तुकडा ओल्या मातीवर पडला की त्याच्या पेरापेराला मूळ फुटतं. हे कुठलाही माळी सांगेल. विचारावं मात्र लागतं. मास्तरांनी एका वेलाचे दीडशे वेल केले आणि स्वतःच्या हाताने ओळीत लावले.

बाई परत आल्या. वरच्या खिडकीतून एका डोळ्याने त्यांनी खाली पाहिलं. सगळं हिरवं दिसलं.

“पालक बघ कसा माजलाय!” मास्तर म्हणाले.

बाईंनी विश्वास ठेवला. पंधरा दिवसांनी पालकाला जांभळं फूल आलं, तेव्हा त्या कठडा धरून जिना उतरल्या. पाहणीला दोन दिवस उरले होते. वहिनींनी मशीन बंद ठेवून दोन्ही दिवस भिंतीच्या टोकाकडून वेल उपटला. मुळं तुटून आत राहत होती, बोटं सोलवटली, पण त्या बाजूची वांगी आणि मुळा मोकळे झाले. मास्तर खुर्चीत बसून सूचना देत होते.

पाहणीच्या दिवशी निरीक्षकबाई अकराला आल्या. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून पुढे झाले.

“या. हे आमचं वेलवर्गीय.”

“भाजी आहे ही?”

“पानांची करतात.”

“कोण करतं?”

“माझ्याकडे बघू नका,” वहिनी म्हणाल्या.

निरीक्षकबाईंनी कंपाउंडरबाईंकडे पाहिलं. ‘हो’ म्हटलं असतं तर तक्ता भरला असता. पण एकतीस वर्षांत त्यांनी चुकीच्या बाटलीवर बरोबर चिठ्ठी कधी चिकटवली नव्हती.

“नाही. हा वेल कुणी खात नाही,” त्या म्हणाल्या. “बी पोटात गेलं तर त्रास होतो.”

निरीक्षकबाईंनी बाईंच्या डोळ्यांवरचा काळा चष्मा पाहिला, भिंतीकडची भरलेली वांगी पाहिली, वहिनींच्या बोटांवरच्या पट्ट्या पाहिल्या. मग पेन उघडलं.

“वेल अर्ध्याहून जास्त असेल तर मला पट्टी परत घ्यावी लागते. ही मी अर्धी धरते, बावीसातले अकरा फूट. अर्धी म्हणजे अर्ध्याहून जास्त नाही. पुढच्या वेळेपर्यंत साफ करा.”



“अर्धी कशी?” मास्तर म्हणाले.

“दादा.”

“थांब गं. मॅडम, असं नजरेने काय लिहिता? आम्ही अंदाजपंचे कापड कापलं तर गिऱ्हाईक जोड्याने मारेल.”

“अहो, राहू द्या ना,” वहिनी म्हणाल्या.

पण मास्तरांच्या गळ्यात टेप होती. शोभेच्या पानाला भाजी म्हणायला त्यांची हरकत नव्हती. मापात लबाडी त्यांना सहन होत नव्हती. ते गुडघ्यांवर बसले. टेप तीनदा टाकली, खडूने खुणा केल्या, शेवटचं पान बोटाने सरळ करून त्याच्या टोकापर्यंत मोजलं.

“अकरा फूट चार इंच,” ते मोठ्याने म्हणाले. “लिहा.”

“अहो!”

“काय अहो? चार इंच म्हणजे चार इंच.”

निरीक्षकबाईंनी पेन क्षणभर तसंच धरलं. “आता मी ते ऐकलं,” त्या कंपाउंडरबाईंना हळू आवाजात म्हणाल्या, आणि लिहिलं.

आठ दिवसांत पट्टी मोकळी करून द्यायची होती. मंजुरीचा कागद निरीक्षकबाई घेऊन गेल्या.

संध्याकाळी मास्तर नवा अर्ज घेऊन बसले. “तुझ्या नावावर आता शेरा बसलाय,” ते बहिणीला समजावत होते, “म्हणून माझ्या नावाने करतो. जमीन घरातच राहील. काळजी करू नकोस.” ‘अनुभव’ या शब्दापुढे त्यांनी सुबक अक्षरात ‘नऊ वर्षे’ लिहिलं.

बाईंनी ते वाचलं.

“मास्तर, सही करायला विसरलात तुम्ही,” त्या म्हणाल्या आणि वर निघून गेल्या.

तेव्हापासून त्या भावाला तेवढंच म्हणतात: मास्तर, आणि तुम्ही. अरे-तुरे नाही, दादा नाही. माप एवढं अचूक निघालं तेव्हा कुठे बहिणीला आपली किंमत कळली, असं मास्तर गिऱ्हाइकांना सांगतात.