एक्केचाळीस एकोणऐंशी

बळीराम घरताने जन्मात दोन गोष्टी लपवल्या. एक मोटरसायकल आणि एक माणूस. मोटरसायकल जड होती. मिठागराच्या उघाडीत, जिथून भरतीचं पाणी आत घेतात त्या खोल डोहात तिला ढकलताना त्याच्या कमरेत उसण भरली, ती अजून थंडीत बोलते. माणूस लपवायला काहीच लागलं नाही. मेलेला कातकरी कुणाला लपवावा लागत नाही. तो जिवंतपणीच कुणाला दिसत नसतो.

ह्याला अठ्ठावीस वर्षं झाली. मधल्या काळात मिठागर गेलं. त्यावर डोंगर फोडून आणलेला भराव पडला, भरावावर रस्ते आले, रस्त्यांकडेला बिल्डिंगा उभ्या राहिल्या. बळीरामने करंजाड्याला तीन मजली बंगला बांधला, दारात दोन मोटारी आल्या, ड्रायव्हर आला. दुचाकीला मात्र त्याने पुन्हा हात लावला नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचा, कमरेला चालत नाय. आणि त्या भरावाच्या बाजूने गाडी गेली की त्याच्या तळपायांना खालून धडधड लागायची. जड, ठेक्यात, थांबून थांबून. कुणीतरी मातीखाली इंजिन चालू ठेवून गेल्यासारखी. डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर म्हणाला, साखर आहे. बळीराम खूश झाला. साखरेला गोळी असते.

त्याच्या साठीच्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, तीच धडधड बंगल्याच्या फाटकातून आत आली.

बळीराम अंगणात खुर्चीवर बसला होता. बाजूला त्याची बायको चंद्रावती संध्याकाळच्या ओवाळणीसाठी साठ दिव्यांच्या वाती वळत होती. फाटकातून मोटरसायकल आली आणि तिच्यावर भावेश, त्यांचा एकुलता एक. गाडी गडद हिरवी. टाकीवर हाताने ओढलेली सोनेरी रेघ. गोल दिवा, वर लोखंडी भुवई. बळीरामने हातातली कपबशी मांडीवर ठेवली.

"वलखली का, बाबा?"

बळीराम टाकीवरच्या रेघेकडे बघत राहिला.

"आजच काडली शोरूममधून. तुमच्या साठीची भेट. दिसायला तुमचीच जुनी, आतून एकदम नवी. किक नाय, बटन हाय. तेल गलत नाय. दोन्ही चाकांना एबीएस, कितीपन दाबा, चाक घसरनारच नाय."

आतून नवं, बाहेरून जुनं. हल्ली सगळ्यांना असंच हवं असतं. जुनं रूप पाहिजे, जुना आवाज पाहिजे, पण जुन्याची गळती नको, वास नको, भूत तर नकोच. कारखानेवाले हुशार असतात. भूत सोडून सगळं देतात. भूत भावेशने स्वतः लावून आणलं होतं.

पुढच्या मडगार्डवर, पूर्वी असायची तशी उभी पितळी पट्टी होती आणि तिच्यावर मराठी आकड्यांत नंबर होता. ४१७९.

"हा… हा नंबर कुटून आनलास?"

"आईच्या माहेरी, जासईला, मामाच्या भिंतीवर फोटो हाय ना, तुमी नि आई गाडीवर बसलेले? त्यातून. पेंटरला फोटोच नेऊन दाखवला. मागच्या पाटीवरपन हाच नंबर, पैसे भरून मागून घेतला. पुडची पट्टी कायद्यात बसत नाय, पन धरला तर बगू."

बळीरामने आपल्या घरातले त्या गाडीचे सगळे फोटो चुलीत घातले होते. सासऱ्याची भिंत राहिली. माणूस स्वतःचं घर झाडतो. सासुरवाडीला असतो जावई, तिथे त्याच्या हातात झाडू कोण देणार?

"बसा की वो," चंद्रावती म्हणाली. "मना मागं बसवून जासईला नेत व्हतात, तवा कंबर दुकत नव्हती?"

कंपाऊंडवरून शेजारचे बघायला लागले. नाही म्हणायला कारण लागतं आणि बळीरामकडे होतं ते कारण सांगण्यासारखं नव्हतं. तो उठला. भावेशने त्याच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, गाडीला लटकवलेल्या चामड्याच्या पिशवीत पाण्याची बाटली टाकली आणि मागे बसला.

"पळस्प्यापर्यंत जाऊन येऊ. जुन्या रस्त्यानं."

बळीरामने बटण दाबलं. गाडी लगेच बोलायला लागली. जुनीला पोटरी फुटेपर्यंत किका लागायच्या, हिने एका बोटात हो म्हटलं. त्याला हात थरथरतील असं वाटलं होतं, ते थरथरले नाहीत. उलट खांदे सैल झाले. मागून भावेश कानाशी सांगत होता, "जुन्या गाडीचे ब्रेक म्हंजे देवाची मर्जी. तुमी चालवायचात तरी कशे?"

हे मात्र बळीरामला गोड लागलं. अठ्ठावीस वर्षं तो स्वतःला हेच सांगत आला होता. ब्रेक लागला नाय. गाडी जुनी, रस्त्यावर वीटभट्टीची राख सांडलेली, मी दाबला पन लागला नाय. आज पोरगाच वकिलासारखा मागे बसून तेच बोलत होता. गाडीचाच दोष. पळस्पे जवळ आलं तसा बळीरामने जरा वेगसुद्धा घेतला.

पूर्वी वीटभट्टी होती तिथे आता फरशांचं दुकान आहे. त्याच्या मागे कातकरवाडी आहे तशीच आहे. त्या वळणावर एक शेळी रस्त्यात आली.

बळीरामचा डावा पाय आपोआप खाली गेला आणि त्याने जिवाच्या आकांताने दाबला.

जुन्या गाडीचा ब्रेक डाव्या पायाला होता. ह्या गाडीला डाव्या पायाला गिअर आहे. गिअर खाडकन पडला, गाडीने हिसका खाल्ला, पण उजव्या हाताने ब्रेकची दांडी आवळली होती. बोटांखाली ब्रेक थरथरला, चाक घसरलं नाही, आणि शेळीच्या पोटापासून वीतभर अंतरावर गाडी उभी राहिली. इंजिन बंद पडलं.

"वाचली," भावेश म्हणाला. "बगा, एबीएस." तो उतरला, चावी काढून घेतली आणि पुढे जाऊन चाक बघायला वाकला.

बळीराम गाडीवरच होता. तो स्वतःच्या डाव्या पायाकडे बघत होता. अठ्ठावीस वर्षं दुचाकीवर न बसलेला पाय, पण एका शेळीसाठी कुणी न सांगता जुन्या जागी धावून गेला होता. पायाला सगळं आठवत होतं. आणि पायाला हेही आठवत होतं की त्या दिवशी, ह्याच वळणावर, तो जागचा हललाच नव्हता.

ब्रेक लागला नव्हता, कारण दाबलाच नव्हता. समोर डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेला कातकरी चालला होता. बळीरामने हॉर्न दिला. कातकरी बाजूला होतो. होतोच. सगळ्यांनी त्याला जन्मभर बाजूला होतानाच बघितलं आहे. त्याच्यासाठी कुणी ब्रेक दाबतं का? हा एकच, त्याला मोळीखालून ऐकू आलं नसेल, बाजूला झाला नाही. धडकेनंतर बळीरामने एकदा मागे वळून बघितलं होतं. रस्त्यावर एक हात वर उचललेला होता. मग त्याने गिअर टाकला होता.

"ए, हड, इकडं ये." वाडीतून एक म्हातारी आली. अंगाने काटकुळी, लुगडं गुडघ्यापर्यंत. तिने शेळीचा कान धरला आणि वळली. वळता वळता थांबली. मडगार्डसमोर उकिडवी बसली आणि पितळी पट्टीवरच्या आकड्यांवरून बोट फिरवायला लागली. चार, एक, सात, नऊ. पुन्हा पहिल्यापासून.

"काय झालं, मावशी?" भावेशने विचारलं.

"जाऊ नका, शेट. जरा थांबा," ती म्हणाली आणि शेळी तिथेच सोडून वाडीत गेली.

"भावेश, चल," बळीराम म्हणाला.

"दोन मिंटं, बाबा. कायतरी आनायला गेली."

"चावी दे. चल."

"तिची शेली आपन मारली असती आता. थांबा तरी."

म्हातारी आली ती पदरात काहीतरी धरून. चटका बसू नये म्हणून पदराचे दोन-तीन पदर केलेले. तिने ते पुढच्या चाकाजवळ रस्त्यावर ठेवलं. वीट होती, तीन बाजूंनी काजळलेली, चुलीतून आत्ताच उपसून आणलेली. चौथ्या बाजूवर, भाजण्याआधी ओल्या मातीत काडीने ओढलेले चार आकडे होते. सात जरा लवंडलेला होता. बाकी सगळं तेच.

"मी बुधी," ती भावेशला सांगायला लागली. बळीरामकडे तिने बघितलंही नाही. "हितं भट्टी व्हती. मी विटा थापत व्हते, तितं बाजूला. माजा कालू मोली घेऊन येत व्हता. गाडीनं उडवला. गाडी हिरवी. मानसाची निसती पाट दिसली आनि मागचा ह्यो नंबर. मना वाचता येत नाय, दादा. इसरंन म्हून साच्यातल्या विटेवर तसाच चितारला. मग धावले."

तिने विटेवरची राख फुंकली.

"आदी नवऱ्याकडं धावले नाय. आदी ह्ये काडलं. मी चितर काडत व्हते तवर त्यो पानी मागत व्हता. मी पोचले तवा संपला व्हता."

"मग पोलिसांत?" भावेशचा आवाज बदलला होता.

"वीट भाजून पक्की केली आनि घेऊन गेले. हवालदार म्हनला, नंबर कागदावर आन, विटेवर नाय चालत." ती जराशी हसली, दात नसलेली. "मग चुलीला लावली. रोज भाकर करताना बगते. इसरू नये म्हून. ही गाडी कुनाची, दादा?"

भावेश म्हणाला, "ही नवी हाय. ह्या नंबरची जुनी…" त्याने बापाकडे बघितलं.

आता फक्त एवढंच उरलं होतं. तीन शब्द. माझी होती, बाई. कोर्ट नव्हतं, हवालदार नव्हता, एक म्हातारी आणि स्वतःचा पोरगा. बळीराम गाडीवरून उतरला आणि त्याने हेल्मेट काढलं. त्याच्या तोंडाला कोरड पडली होती.

"ज्याची व्हती," तो म्हणाला, "त्यो मेला."

भावेशने मान खाली घातली.

"मेला?" बुधीने आत्ता पहिल्यांदा बळीरामकडे नीट बघितलं. "कवा?"

"झाली वर्सं."

"तरास झाला का त्याला?"

"झाला," बळीराम म्हणाला. ह्या एका शब्दात तो खोटं बोलला नाही.

बुधी विटेकडे वळली. मग म्हणाली, "पानी हाय का?"

भावेशने पिशवीतली बाटली दिली. बुधीने झाकण काढलं, वीट चाकाला टेकवून उभी केली आणि तिच्यावर धार धरली. गरम वीट चर्र करून बोलली, वाफ वर आली, बळीरामच्या पायांपर्यंत.

"घे रं बाबा, प्ये," ती विटेला म्हणाली. "माजा कालू गेला तहानेला. तू तसा नको फिरू. आमच्यात मेलेल्याला तहानेला ठेवीत नाय. प्ये आनि जा. तुजं माजं संपलं."

बळीराम तिथे दोन पायांवर उभा होता आणि त्याच्या नावाचं पाणी त्याच्यासमोर रस्त्यात मुरत होतं. अजूनही सांगता आलं असतं. बाटली संपेपर्यंत वेळ होता. बाटली एक लिटरची होती. संपली.

बुधीने बाटली परत दिली, शेळीचा कान धरला. "वीट ऱ्हाऊ दे. तिचं काम झालं. चुलीला दुसरी बगीन." आणि ती फरशांच्या दुकानामागे दिसेनाशी झाली.

भावेशने वीट उचलली, रुमालाने पुसली आणि चामड्याच्या पिशवीत ठेवली. गाडीवर बसला, चावी फिरवली, बटण दाबलं.

"भावेश," बळीराम म्हणाला, "मी काय म्हंतो…"

"तुमी मेलात ना, बाबा," भावेश म्हणाला. रागाने नाही. खात्री करून घ्यावी तसा. आणि निघून गेला.

बळीराम चालत निघाला. खिशात फोन होता, ड्रायव्हरला बोलवता आलं असतं. काय सांगून बोलवणार? जुन्या रस्त्याने कंटेनर चालले होते, डंपर चालले होते. हॉर्न वाजला की तो बाजूला व्हायचा. पहिल्यांदा गटाराच्या कडेला झाला, दुसऱ्यांदा चिखलात. कुणी ब्रेक दाबला नाही. रिक्षाला हात केला, रिक्षावाल्याने त्याच्या आरपार बघितल्यासारखं बघितलं आणि पुढे गेला. थोड्या वेळाने हॉर्न नसतानाही तो बाजूलाच चालायला लागला. तळपायांखाली धडधड सुरू होती. इथे भराव नव्हता, मिठागर नव्हतं. तरी होती.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. अंगणात गाडी उभी होती, मडगार्डवरची पट्टी जागेवर होती. गाडीच्या सीटवर वीट ठेवली होती. चंद्रावती साठ दिव्यांचं ताट घेऊन पायरीवर उभी होती. दिवे लावायचे होते.

"चालत का आलात? आनि भावेश बोलं नाय काय. ही वीट ठेवली नि वर गेला. म्हनला, बाबा आला तर त्यालाच इचार. काय इचारू, वो? ही वीट कुनाची?"

"पानी दे आदी," बळीराम म्हणाला.

तिने तांब्या भरून दिला. त्याने तोंडाला लावला, तोंड भरून घेतलं. पाणी घशाखाली उतरेना. त्याने मान मागे टाकली, डोळे मिटले, गिळायला बघितलं, नाही उतरलं.

"बोला की," चंद्रावती म्हणाली. "कुनाची?"

त्याने सांगायला तोंड उघडलं. सगळं पाणी छातीवरून अंगणात सांडलं. शब्द काही आला नाही.